अधिष्ठानाचा पेपर आणि तीन रकान्यांचा तक्ता

शिक्षक व्हायला निघालेल्या विद्यार्थ्यापुढे सुरुवातीलाच जो पेपर येतो, त्यात बहुधा चार गोष्टींची मोट बांधलेली असते: शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास. या सगळ्यांना मिळून ‘अधिष्ठाने’ म्हणतात. या पेपरच्या गाईडांमध्ये एक तक्ता हमखास सापडतो. पहिल्या रकान्यात आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद असे विचारप्रवाह, दुसऱ्यात विचारवंत, तिसऱ्यात अध्यापन पद्धती. आदर्शवादापुढे व्याख्यान, निसर्गवादापुढे खेळ, कार्यवादापुढे प्रकल्प. तक्ता एका रात्रीत पाठ होतो, उत्तरपत्रिकेत सुबक उतरतो आणि पहिल्या सरावपाठाच्या वेळी त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

आठवलं तरी उपयोग नसतो, कारण तक्त्यात उत्तरं असतात आणि ती कुठल्या प्रश्नांची होती ते गाळलेलं असतं. कार्यवादाचीच ओळ घ्या: ‘जॉन ड्यूई, कृतीतून शिक्षण, प्रकल्प पद्धत.’ प्रकल्प पद्धतीवरचा गाजलेला लेख विल्यम किलपॅट्रिक यांचा, १९१८ सालचा. ते ड्यूईंचे विद्यार्थी होते हे खरं, पण त्यांची मांडणी म्हणजे ड्यूईंची मांडणी नव्हे. आणि ‘कृतीतून शिक्षण’ म्हणाल, तर १९३८ साली ड्यूईंनी स्वतःच बजावलं की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच बंद करतात. अनुभव पारखायला त्यांनी दोन कसोट्या दिल्या. एक सातत्य: या अनुभवामुळे पुढचा अनुभव अधिक समृद्ध होतो का? दुसरी आंतरक्रिया: मुलाच्या मनात जे आहे आणि बाहेर जी परिस्थिती मांडली आहे, त्यांचा एकमेकांशी काही संबंध जुळतो का? मुलांनी तासभर कागदाची फुलं कापली आणि फुलाच्या भागांबद्दल एकही नवा प्रश्न निघाला नाही, तर ती कृती ड्यूईंच्या कसोटीवर नापास. तक्त्याच्या कसोटीवर मात्र पैकीच्या पैकी गुण.

म्हणून हा पेपर अभ्यासायची खरी रीत एकच: प्रत्येक सिद्धांतातून असा प्रश्न काढायचा, जो वर्गात शेवटच्या बाकावर बसून विचारता येईल आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. ड्यूईंच्या बाबतीत तो प्रश्न असा: ‘या कृतीनंतर मुलाला आता पुढची कोणती गोष्ट सोपी जाईल?’

हे गाईडवरून साधत नाही, मूळ लेखन लागतं. अख्खं पुस्तक नको, आठ ते दहा पानं पुरतात. पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात महत्त्वाच्या प्रत्येक विधानाशेजारी एक अक्षर लिहायचं: ‘व्या’ म्हणजे व्याख्या, ‘व’ म्हणजे वस्तुस्थितीबद्दलचा दावा, ‘मू’ म्हणजे मूल्य. ‘शिस्त म्हणजे स्वतःवरचा ताबा’ ही व्याख्या. ‘मार दिल्याने अभ्यास सुधारत नाही’ हा वस्तुस्थितीचा दावा. ‘मुलांना मारू नये’ हे मूल्य. तिन्ही एकाच परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात आणि वाचणारा फसतो. व्याख्येला विचारायचं की तिच्यात काय बसतं आणि काय बाहेर राहतं. दाव्याला पुरावा मागायचा. मूल्याला विचारायचं की ते दुसऱ्या कोणत्या मूल्याशी टक्कर घेतं. ‘मारू नये’ हे आकडेवारीने सिद्ध करायला जाणारे निबंध इथेच घसरतात. उद्या कुणी माराने गुण वाढल्याचे आकडे आणले, तर मारायला सुरुवात करायची का? तिसऱ्या वाचनात लेखक कुणाशी भांडतो आहे ते शोधायचं. रूसोंनी १७६२ साली बालपणाची जी बाजू घेतली, ती मुलाला छोटा प्रौढ मानणाऱ्या लोकांविरुद्ध होती. तो प्रतिपक्ष काढून टाकला की उरतं ते सुभाषित.

तत्त्वज्ञानाच्या याच भागात ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ असा एक स्वाध्याय असतो, साधारण पानभराचा. छात्राध्यापकांच्या लेखनातला सर्वांत पोकळ कागद हाच. त्याची चाचणी सोपी आहे. प्रत्येक वाक्य उलटं करून पाहा आणि शहाणासुरता शिक्षक ते उलटं वाक्य म्हणू शकेल का ते बघा. ‘मुलांचा सर्वांगीण विकास व्हावा.’ उलट: ‘मुलांचा सर्वांगीण विकास होऊ नये.’ असं कुणीच म्हणणार नाही, म्हणजे मूळ वाक्यानेही काही सांगितलेलं नाही. खोडा. ‘चुकीचं उत्तर आल्यावर मी लगेच बरोबर उत्तर सांगणार नाही.’ याच्या उलट वागणारे चांगले शिक्षक आहेत आणि त्यांच्याकडे कारणंही आहेत. हे वाक्य ठेवा, आणि खाली दोन ओळीत लिहा की कोणत्या परिस्थितीत हा नियम तुम्ही मोडाल. पानभरात अशी पाच वाक्यं टिकली तरी पुष्कळ.

मानसशास्त्राचा भाग त्या मानाने सोपा वाटतो, कारण त्यात प्रयोग आहेत आणि अवस्था आहेत. धोकाही तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेंनी सांगितलेल्या मुलाच्या विचाराच्या चार अवस्था वयासकट पाठ केल्या जातात आणि मग सात वर्षांचं मूल म्हणजे मूर्त क्रियात्मक अवस्था (प्रत्यक्ष वस्तूंबाबत तर्क करता येण्याची), असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. वयाचे आकडे ढोबळ आहेत. अवस्थांचा क्रम हा पियाजेंचा मुख्य दावा. त्यातही एकच मूल संख्येच्या बाबतीत पुढे आणि वजनाच्या बाबतीत मागे असू शकतं.

अक्षय्यतेचं (आकार बदलला तरी प्रमाण तेवढंच राहतं या समजेचं) प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी करायला देतात, म्हणून त्याची नीट कृती. सारखेच दोन रुंद पेले आणि एक उंच, अरुंद पेला घ्या. दोन्ही रुंद पेल्यांत सारखं पाणी ओता आणि ते सारखं आहे हे मुलाकडूनच वदवून घ्या. मुलाला शंका असेल तर थेंब थेंब कमीजास्त करून ते म्हणेल तिथे थांबा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया. मग एका पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच पेल्यात ओता आणि विचारा: ‘आता दोन्हींत सारखं आहे, की एकात जास्त आहे?’ हे दोन्ही पर्याय प्रश्नात हवेतच. ‘आता कशात जास्त आहे?’ असं विचारलं तर उत्तर तुम्हीच दिलंत. मग ‘कशावरून?’ हा प्रश्न, आणि मूल जे बोलेल ते शब्दशः टिपायचं. ‘सारखं’ एवढ्या उत्तराला फारशी किंमत नाही. कारण बघायचं: ‘तेच तर पाणी आहे’, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’, ‘हा उंच आहे पण बारीक आहे’. पहिल्यात तादात्म्य, दुसऱ्यात प्रतिवर्तन, तिसऱ्यात भरपाईचा विचार दिसतो.

हे सगळं बिनचूक केलं तरी एक खोच उरते. मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. शाळेत तसंच तर घडत असतं! मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७४ साली याच धर्तीचा संख्येचा प्रयोग केला, त्यात वस्तूंची रांग एका खोडकर अस्वलाने ‘चुकून’ विसकटली. तेव्हा पुष्कळ जास्त मुलांनी संख्या तेवढीच आहे असं सांगितलं. अहवालाच्या चर्चेत पियाजे बरोबर की चूक असा निकाल देत बसू नका. मुलाने प्रश्नाचा अर्थ काय घेतला असेल ते लिहा. उद्या फळ्याजवळ उभं राहून एखाद्याला ‘नक्की का?’ विचाराल, तेव्हा हीच गोष्ट घडणार आहे.

मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कींच्या नावावर ‘आधारमचाण’ (बांधकामाच्या परांचीसारखा शिकणाऱ्याला दिलेला तात्पुरता आधार) खपवणं ही आणखी एक नित्याची चूक. व्हिगॉट्स्की १९३४ साली वारले. आधाराची ती उपमा शिकवण्याच्या संदर्भात मांडली वूड, ब्रुनर आणि रॉस यांनी, १९७६ मध्ये. कल्पना एकमेकींच्या शेजारच्या आहेत, पण आधाराच्या कल्पनेतली कळीची बाब असते ती आधार काढून घेण्याची. पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) ‘मुलांना मदत करीन’ असं लिहून भागत नाही. तिसऱ्या उदाहरणात कोणती सूचना बंद करणार आणि पाचव्यात कोणती, ते लिहावं लागतं. नाहीतर बांधकाम संपून वर्ष झालं तरी बांबू तसेच उभे.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हेही उत्तरपत्रिकांमध्ये सतत भेटतं. प्रबलनाने वर्तन वाढतं, मग ते धन असो वा ऋण. ‘वर्गातच गणितं पूर्ण करणाऱ्याला घरचा अभ्यास नाही’ हे ऋण प्रबलन: नकोशी गोष्ट काढून घेतली, हवं ते वर्तन वाढलं. धन-ऋण म्हणजे चांगलं-वाईट नव्हे, दिलं-काढलं. आणि वर्तन वाढलं की नाही हे मोजल्याशिवाय एखाद्या गोष्टीला प्रबलन म्हणताच येत नाही. ओरडा खाऊन एखादं पोर जास्तच दंगा करू लागलं, तर तुमचा ओरडा हेच त्याचं धन प्रबलन.

काही गोष्टी तर अभ्यासक्रमात कुठेच नसतात, तरी स्वाध्यायांत घुसतात. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, केलेलं ९० टक्के.’ हे एडगर डेल यांच्या अनुभवशंकूच्या (तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द अशा) चित्राशेजारी छापलेलं असतं. डेल यांच्या १९४६ च्या मांडणीत टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे एका ओळीत दिसले की संशय यायलाच हवा होता. दृश्य, श्राव्य आणि कृतिप्रधान ‘अध्ययन शैली’ ओळखून त्याप्रमाणे मुलांना वेगवेगळं शिकवावं, हा दुसरा लाडका समज. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा तशा जुळणीने फायदा होतो हे दाखवणारा पुरेसा पुरावा मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच आहे. पण आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणं वाढतं हा वेगळा दावा आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता निरीक्षण वही. या पेपरच्या प्रात्यक्षिकाचा जीव तिच्यात आहे आणि हेळसांडही तिचीच सर्वाधिक होते. पान उभं दुमडून दोन भाग करा. डाव्या भागात जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच, वेळेसकट. उजवा भाग वर्गात कोराच राहू द्या. तो त्याच दिवशी संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ‘मुलांना कंटाळा आला होता’ हे डावीकडे चालत नाही. डावीकडे असं येतं: ‘११.२०, मागच्या दोन ओळींत सहा जण वहीवर रेघोट्या मारत आहेत, दोघे खिडकीबाहेर बघत आहेत.’ तो कंटाळा होता की प्रश्न कळला नव्हता, याचा तर्क उजवीकडे, आणि शक्यतो एकाऐवजी दोन तर्क.

प्रत्येक तासाला एकच गोष्ट मोजा. सगळं टिपायला गेलं की हाती काहीच लागत नाही. पहिल्या तासाला वर्गाचा बैठक नकाशा काढा आणि शिक्षकांनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ ओढा. न विचारता बोललेल्यासाठी टिंब. तास संपल्यावर रेघा कुठे दाटल्या ते आपोआप दिसतं, बहुधा पुढच्या मधल्या बाकांवर. दुसऱ्या तासाला प्रश्नांची पातळी: आठवून सांगायचे किती, समजावून सांगायचे किती, वापरून दाखवायचे किती. ब्लूम यांचं शिकण्याच्या उद्दिष्टांचं १९५६ चं वर्गीकरण आणि २००१ ची सुधारित आवृत्ती यांची सरमिसळ मात्र करू नका. जुन्यात सर्वांत वरची पायरी मूल्यमापनाची, नव्यात निर्मितीची; शिवाय जुन्यातली नामं नव्यात क्रियापदं झाली.

तिसऱ्या तासाला थांबण्याचा वेळ. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, न येणारी उत्तरं कमी झाली आणि मुलं आपणहून जास्त बोलू लागली. थांबे दोन असतात, हे मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतं: एक प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. दुसरा थांबा तर बहुतेक वेळा नसतोच. उत्तर संपायच्या आत ‘शाब्बास, पुढे’. हातात घड्याळ धरून मोजायला गेलात तर डोकं घड्याळातच राहतं. मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणत मोजा, एवढी अचूकता या कामाला पुरते. मग आपल्या सरावपाठात तीन सेकंद थांबून बघा. ते किती लांब वाटतात हे वाचून कळणार नाही.

समाजशास्त्राच्या भागावर फार रेंगाळत नाही, कारण इथे वाचण्यापेक्षा बघण्याचं शिस्तीत करणं महत्त्वाचं. ‘छुपा अभ्यासक्रम’ ही संज्ञा फिलिप जॅक्सन यांच्या १९६८ च्या लेखनातून रूढ झाली. रांगेत थांबणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणं, सतत कुणीतरी पारखत असणं, हे मुलं न शिकवता शिकतात. निरीक्षणाचे प्रश्न साधे ठेवा. बाकं हलवायला कुणाला बोलावतात आणि फळा पुसायला कुणाला? कुणाचं नाव कौतुकासाठी घेतलं जातं, कुणाचं दटावण्यासाठी? कपड्यांवरून किंवा भाषेवरून घरच्या परिस्थितीचे अंदाज मात्र वहीत नकोत. मुलांची नावंही नकोत. म१, म२ असे संकेत वापरा, आणि शाळेची परवानगी आधी घ्या. समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांचं ‘सांस्कृतिक भांडवल’ (घरातून मिळालेली भाषा, माहिती, सवयी) उद्धृत करायचंच असेल, तर पाठातलं एखादं उदाहरण घ्या आणि ते समजायला शाळेबाहेरची कोणती माहिती आधीच असावी लागते ते लिहून काढा. एवढं केलं तरी कल्पना पकडीत येते.

इतिहासाचा भाग सनावळीत मरतो. त्याला जिवंत करणारा प्रश्न एकच आहे: पैसे कुठून येणार होते? मद्रासच्या अनाथ मुलांच्या संस्थेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं, वाळूवर अक्षरं गिरवून घेतली आणि १७९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही तशाच धर्तीची शाळा सुरू केली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुलं बसवता येतात म्हणून ही पद्धत वेगाने पसरली. मोठी खोली, रांगा, हाताखालचे मॉनिटर, ठरलेल्या आज्ञा: ही सगळी रचना त्या हिशोबातून आली. जुना दस्तऐवज हातात आला की चार गोष्टी विचारा: कुणी लिहिला, कुणाला उद्देशून, खर्च कुणी उचलायचा, आणि ज्यांच्याबद्दल लिहिला त्यांचा आवाज त्यात आहे का.

पंचपदीचंही असंच. पाठ टाचणाच्या छापील नमुन्यातल्या त्या पाच पायऱ्यांना हर्बार्ट यांचं नाव लावतात. हर्बार्ट (१७७६–१८४१) यांनी मांडलेल्या पायऱ्या चार होत्या. त्यांच्या अनुयायांनी, विशेषतः झिलर आणि राइन यांनी, त्यांच्या पाच केल्या आणि शिक्षक प्रशिक्षणातून त्या जगभर गेल्या. हर्बार्ट विचार कसा घडतो ते सांगत होते, तासाचे तुकडे कसे पाडायचे ते नव्हे. म्हणून नवी संकल्पना शिकवायच्या पाठात पंचपदी बऱ्यापैकी बसते, पण कवितेच्या पाठात ‘सामान्यीकरण’ (उदाहरणांवरून नियम काढणं) ही पायरी ओढूनताणून भरावी लागते, आणि कौशल्याच्या पाठात सरावाला जागाच उरत नाही. नमुन्यातला रकाना रिकामा ठेवायची मुभा असेल तर ठेवा. नसेल तर शेजारी कारण लिहा. चांगला मार्गदर्शक त्या कारणालाच गुण देतो.

लेखी स्वाध्याय साधारण दीड हजार शब्दांचा असेल, तर वाटणी अशी करून बघा. विचारवंताचा परिचय शंभर शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. जन्म, शिक्षण आणि ग्रंथसंपदा यांनी दोन पानं भरणं ही या पेपरमधली सर्वांत जुनी पळवाट आहे. त्याचा मुख्य दावा आणि त्यामागची कारणं तीनशे शब्दांत, तुमच्या भाषेत. त्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप अडीचशे शब्दांत, तोही असा लिहा की आक्षेप घेणाऱ्याला तो आपलाच वाटावा. निरीक्षण वहीतला एक प्रसंग, डाव्या भागातला, जसाच्या तसा, दोनशे शब्द. उरलेली जागा या प्रसंगात दावा टिकला की डगमगला याच्या चर्चेला. शेवटचा हा भाग दुसऱ्या कुणाकडून, किंवा यंत्राकडून, लिहून घेतला तर लगेच ओळखू येतो, कारण त्याला तो वर्ग माहीत नसतो.

गटचर्चेत सहापेक्षा जास्त माणसं नकोत. प्रत्येकाने आपली भूमिका मांडण्याआधी आधीच्या वक्त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, आणि त्याने ‘हो, हेच म्हणालो’ म्हटल्यावरच पुढे बोलायचं. पहिली दहा मिनिटं हे फार कृत्रिम वाटतं. नंतर लक्षात येतं की निम्मे वाद ‘ज्ञान’ किंवा ‘स्वातंत्र्य’ या शब्दाच्या दोन वेगळ्या अर्थांमुळे पेटले होते.

‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ या पानावर तारीख घाला आणि ते फाइलमध्ये वरच ठेवा. पहिले पाच सरावपाठ झाले की लाल शाईने एकदा, शाळेतला सलग अनुभव संपला की हिरव्या शाईने पुन्हा एकदा त्यावरून हात फिरवा. जे वाक्य टिकलं नाही त्यावर एक आडवी रेघ, आणि समासात त्या पाठाची तारीख, ज्या दिवशी ते मोडलं. पान नव्याने सुवाच्य लिहून जुनं फेकून देण्याचा मोह होईल. जुनंच ठेवा, आणि खोडलेलं वाचता येईल इतपतच खोडा.